जवळची शाळा की मोठी शाळा? आधी दुसरीतलं पोरगं काय वाचतं ते बघा

भाऊ, नमस्कार.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्हा तालुका. गावाला लागून तांडा आहे, तिथं राहतो. तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. माझी मुलगी ऑक्टोबरात सहा वर्षांची होते, यंदा पहिलीत घालायची आहे. आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आहे. पट २३. एक सर, एक मॅडम. तीन किलोमीटरवर मोठं गाव आहे, तिथली जिल्हा परिषद शाळा सातवीपर्यंत आहे. पट शंभराच्या जवळपास, त्यात पाचवीपर्यंतची सत्तरेक पोरं. तिथं सेमी इंग्रजी आहे, वर्गात मोठा टीव्ही आहे. पाडव्याला तिथले गुरुजी घरी येऊन नवं दप्तर देऊन गेले. दुसऱ्या बाजूला चार किलोमीटरवर आणखी एक शाळा आहे. कमानीवर आयएसओ मानांकित लिहिलेलं आहे, बाग आहे, भिंतीवर रेल्वेचा डबा रंगवला आहे. यांचं म्हणणं मोठ्या गावात टाकू, ऑटोचे महिन्याला सातशे जातील तर जातील. जेठाचा मुलगा तिथंच तिसरीत आहे, इंग्रजी कविता धडाधड म्हणतो. सासूबाई म्हणतात, लेकरू नजरेसमोर राहू द्या. शेजारचे दोघं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला पाठवतात, ते आम्हाला परवडत नाही. (आमच्या मॅडम चांगल्या आहेत, दुपारचं जेवण झालं की पोट्ट्यांना गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवतात, पण इंग्रजीचं काही नाव दिसत नाही.) तिन्ही शाळा सरकारीच. मग चांगली कोणती हे आम्ही कसं ओळखावं? मी सातवी शिकली, मला काय कळणार?

– एक आई


ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. टीव्ही, दप्तर, बाग, रेल्वेचा डबा हे सगळं सविस्तर लिहिलं, आणि मॅडम जेवणानंतर गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवतात हे जाता जाता. केंद्रप्रमुख म्हणून नोकरी केली तेव्हा शाळा बघत फिरणं हेच माझं काम होतं. कोणी सांगितलं नसताना गोष्टीचं पुस्तक उघडणारा शिक्षक दिसला, की तिथलं अर्धं तपासायची गरज उरत नसे. अर्धं म्हणतो, पूर्ण नाही.

म्हणून माझा कौल आधीच देऊन टाकतो. चौथीपर्यंत पोरगी गावातच घाला. अट एकच आहे आणि ती तुम्हाला स्वतः जाऊन बघावी लागेल: त्या शाळेतली दुसरी-तिसरीची पोरं वाचतात का? वाचत असतील तर बाकीचं सगळं नंतर. वाचत नसतील तर मॅडम कितीही मायाळू असोत, तीन किलोमीटरचा विचार करावा लागेल.

आणि सातवी शिकली म्हणून कमीपणा घेऊ नका. दुसरीचं वाचन आणि तिसरीची वजाबाकी तपासायला सातवी पुष्कळ झाली.

शाळा सध्या सकाळच्या आहेत. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आत जा. आपल्याकडे विदर्भात शाळा उघडते ती जूनच्या शेवटी, आणि पहिला आठवडा पुस्तकवाटप, प्रवेशोत्सव, फुलं आणि फोटो यातच जातो. त्यात खरी शाळा दिसत नाही. वर्षभरात पोरांच्या डोक्यात काय उतरलं ते एप्रिलातच कळतं. "मुलीला यंदा घालायचं आहे, वर्ग बघू का?" एवढंच म्हणा. कोणी वाईट वाटून घेत नाही. पट वाढतोय म्हटल्यावर खुर्ची मिळेल, वर चहाही मिळेल.

दुसरी किंवा तिसरीतलं एक लेकरू निवडा. गुरुजींनी उभं केलेलं नको, ते ठरलेलं हुशार पोरगं असतं. मागच्या रांगेतलं, शक्यतो तुमच्या तांड्यातलं निवडा. आणि त्याच्या हातात त्याचं पाठ्यपुस्तक देऊ नका. इथं भलेभले साहेब फसलेले मी पाहिले आहेत. बालभारतीचा धडा वर्षभर घोकून तोंडपाठ झालेला असतो. पोरगं खणखणीत आवाजात म्हणत जातं आणि बोट भलत्याच ओळीवर फिरत असतं. तुम्ही त्या बोटाकडे लक्ष ठेवा. बोट 'झाड' या शब्दावर आणि तोंडातून 'चिमणी' बाहेर पडली, तर ते नुसतं पाठांतर. म्हणून घरूनच मोठ्या अक्षरात चार वाक्यं लिहून न्या. राजूची बकरी रात्री सुटली. ती शेतात गेली. तिनं तुरीचा पाला खाल्ला. राजूला बाबा रागावले. असं काहीतरी. दुसरी संपताना लेकराला हे अडखळत का होईना वाचता आलं पाहिजे, आणि "बकरीनं काय खाल्लं?" विचारलं की सांगता आलं पाहिजे. अक्षर अक्षर लावून 'तु-री-चा' म्हणणारं पोरगं असेल तर तेही ठीक, ते वाटेवर आहे. तिसरीतलं पोरगं नुसतं कागदाकडे बघत राहिलं तर मात्र काळजीचं. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची जी पाहणी करते, ती याच धर्तीची असते. घरी जाऊन आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. पेपरात ज्याच्या बातम्या येतात ते हेच.

मग तिसरीतल्या पोराला पाटीवर ४२ मधून १७ वजा करायला सांगा. २५ आले तर उत्तम. चुकणाऱ्यांपैकी पुष्कळ पोरं ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती उलटं करतात, सातातून दोन काढून पाच लिहितात, चारातून एक गेला तीन. ३५ लिहिणारं लेकरू ढ नसतं. दशक सोडवून एककं कशी करायची हे त्याला कोणी काड्यांचा गठ्ठा हातात देऊन दाखवलेलं नसतं. वर्गात काड्यांचे गठ्ठे, चिंचोके, मणी दिसतात का ते बघा, आणि दिसले तर मळलेले आहेत का तेही बघा. पुष्कळ शाळांत गणिताची पेटी कपाटावर असते, आतलं सामान अजून प्लास्टिकमध्ये. मळलेल्या मण्यांची शाळा मला केव्हाही आवडते.

वह्याही चाळा. दोन-तीन पोरांच्या, एकाच दिवसाच्या. सगळ्यांचं वाक्य एक आणि चूकही एकच असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. लाल शाईची बरोबरची खूण चुकलेल्या शब्दावरही असेल तर गठ्ठा एका बैठकीत, न वाचता तपासलेला आहे. याउलट एखाद्या वहीत चुकीला गोल केलेला, बाजूला बरोबर शब्द लिहिलेला आणि खाली पोरानं तो पुन्हा लिहून काढलेला दिसला, तर त्या शिक्षकाच्या हाती लेकरू द्यायला हरकत नाही.

हीच परीक्षा जेठाच्या मुलाचीही घ्या, घरच्या ओट्यावर. इंग्रजी कविता धडाधड म्हणतो, कौतुकच आहे. पण बकरीची गोष्ट वाचतो का? ४२ वजा १७ किती? एका पोरावरून शाळा ठरत नाही हे खरं. त्याच्या वर्गातली आणखी एक-दोन पोरं तांड्यातली असतील तर त्यांनाही बोलवा, चित्र बरंच स्पष्ट होईल.

आता तुमच्या यजमानांच्या मुद्द्यावर येतो. मोठी शाळा म्हणजे प्रत्येक वर्गाला वेगळे गुरुजी असं त्यांच्या मनात असणार. हिशेब करून बघू. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी आकडे दिले आहेत: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. मोठ्या गावात पाचवीपर्यंत सत्तर पोरं म्हणजे कायद्यानं तीन शिक्षक आणि वर्ग पाच. म्हणजे तिथंही कुठले तरी दोन वर्ग एका खोलीत बसणार. सत्तर भागिले तीन, तेवीसच्या वर. तुमच्या गावात अख्ख्या शाळेत जेवढी पोरं आहेत तेवढी तिथं एका शिक्षकाच्या वाट्याला. तुमच्याकडे एकाला अकरा-बारा. पहिलीतल्या लेकराचा हात धरून 'ळ' गिरवून घ्यायचा असेल तर हा फरक टीव्हीपेक्षा फार मोठा आहे.

पण हे कागदावरचं. दोन शिक्षकांच्या शाळेचा खरा दुखरा भाग वेगळाच असतो. सर तालुक्याला मीटिंगला गेले, की मॅडमकडे चारही वर्ग. मॅडम रजेवर, की सरांकडे चारही. आज प्रशिक्षण, उद्या ऑनलाइन माहिती, परवा निवडणुकीचं काम. कायद्याच्या २७ व्या कलमानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं शिक्षकांना देता येतात, पण माहिती भरण्याच्या कामाला कुठलं कलम अडवतं! तेव्हा सासूबाईंना विचारा, आठवड्यातून किती दिवस शाळेत दोघंही असतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे केंद्रप्रमुखापेक्षा जास्त माहीत असतं. शाळेत हालचाल रजिस्टर असतं, बाहेर गेलेल्या शिक्षकाची नोंद त्यात होते, पण तुम्ही गेल्या गेल्या रजिस्टर मागू नका. तशी वेळ आली तर शाळा व्यवस्थापन समितीतून मागा. त्या समितीत पाऊण हिस्सा पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. मुलगी दाखल झाली की तुम्हीही तिच्यात येऊ शकता. समितीत यायला सातवी पास बाई मिळाली तर मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत. सही करण्याआधी वाचणारी बाई मिळाली तर कदाचित थोडे दचकतील.

आणखी दोन गोष्टी मॅडमना सरळ विचारा. पहिली-दुसरी कोण घेतं? तुमचं सगळं गणित मॅडमवर आहे, पण पहिली-दुसरी सरांकडे आणि तिसरी-चौथी मॅडमकडे असेल तर तपासणी सरांच्या वर्गाची करायला हवी. दुसरं, त्यांची या शाळेत किती वर्षं झाली? जिल्हा परिषदेच्या बदल्या आता ऑनलाइन होतात. बरीच वर्षं झालेली असतील तर त्यांचं नाव केव्हाही यादीत येईल. हे टाळता येत नाही, पण माहीत असलेलं बरं. हाच प्रश्न मोठ्या गावातल्या शिक्षकांनाही लागू आहे, बदली काही फक्त चांगल्यांचीच होत नाही.

सेमीबद्दल. आपल्या जिल्हा परिषद शाळांत सेमी म्हणजे गणित, आणि वरच्या वर्गांत विज्ञान, इंग्रजीतून. भाषा मराठीच. तुम्ही लिहिता, मॅडमकडे इंग्रजीचं नाव दिसत नाही. पण २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहेच, बालभारतीचं पुस्तकही मिळतं. ते पुस्तक पोरांच्या दप्तरात आहे का आणि किती पानं झाली, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मॅडम इंग्रजी टाळत असतील तर तो त्यांचा उणेपणा, आणि तो तोंडावर सांगावा.

सेमीचा एक फायदा मी मान्य करतो. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना दोन आधी, त्यामुळे लहान पोरं गोंधळतात, ७२ लिहून बसतात. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' घातलं तेव्हा राज्यभर केवढी टिंगल झाली, पण अडचण खरी होती. इंग्रजीत ती येत नाही. तरी पहिलीतल्या पोरीला गणिताचं वाक्यच परक्या भाषेत आलं तर घरी तिला सांगणार कोण? तुमच्या घरात तर मराठी हीच दुसरी भाषा असणार. तांड्यात सासूबाई तिच्याशी गोरमाटीच, म्हणजे बंजारा बोलीच, बोलत असतील. म्हणजे मोठ्या गावात पहिल्याच दिवशी तिला वर्गातली मराठी, पुस्तकातली मराठी आणि गणिताची इंग्रजी अशा तिन्हींशी एकदम सामना. मी अशी लेकरं पाहिली आहेत. घरी चिमणीसारखी बोलणारी पोरगी वर्गात सहा महिने तोंड उघडत नाही, कारण एकदा आईला 'याडी' म्हणाली आणि सगळे हसले. रजिस्टरवर तिची हजेरी पूर्ण असते.

म्हणून गावच्या मॅडमकडे हेही बघा: तांड्यातलं लेकरू गोरमाटीत बोललं तर त्या काय करतात. रागावतात, हसतात, की तिसरीतल्या पोरीला "काय म्हणते गं ही?" विचारतात? तिसरं करत असतील तर मला आणखी काही विचारायचं नाही. तुमच्या गावात निम्मी शाळा तांड्याची असेल, तिथं हसायला कोण आहे?

आयएसओच्या शाळेचं थोडक्यात. ते मानांकन कारभाराच्या पद्धतीला मिळतं: नोंदी, स्वच्छता, सोयी. पोरांना वाचता येतं का, हा त्याचा विषय नाही. पण नाक मुरडायचंही कारण नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाचं अनुदान पटावर मिळतं, ३० पोरांपर्यंत १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००. खडूपासून दुरुस्तीपर्यंत सगळं त्यात. एवढ्यात कमान आणि बाग होत नाही, म्हणजे तिथं गावानं वर्गणी केली आहे किंवा ग्रामपंचायतीनं हात सैल सोडला आहे. ज्या गावाला शाळेची चाड आहे ते गाव बरं, हे मी मानतो. तरी सहा वर्षांच्या पोरीला चार किलोमीटर, तेही तुमच्या नेहमीच्या रस्त्याच्या उलट दिशेला, रंगवलेल्या रेल्वेसाठी पाठवू नका. ही शाळा मी यादीतून काढतो.

फोन हाताशी असेल तर यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर तिन्ही शाळांची माहिती घरबसल्या बघता येते. शाळेच्या दर्शनी भिंतीवर अकरा आकडी यूडायस क्रमांक रंगवलेला असतो, आपल्या राज्याचा २७ नं सुरू होतो. वर्गवार पट, शिक्षक, खोल्या, वीज, शौचालय सगळं निघतं. त्यात वर्गवार पट तेवढा नीट बघा: पहिलीत पंधरा आणि चौथीत सहा असतील तर मधली पोरं कुठं गेली हे गावात विचारा. बाकीची माहिती शाळेनंच भरलेली असते. शौचालय 'वापरात' असं लिहिलेलं असतं आणि दाराला कुलूप असतं. त्यासाठी जेवणाच्या सुट्टीत जा, मुलींच्या शौचालयात पाणी आहे का ते स्वतः दार उघडून बघा. त्याच वेळी खिचडीही दिसेल.

आता तीन किलोमीटर. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं आपल्या राज्याचा नियम सांगतो. हे अंतर लहान पायांचा विचार करूनच धरलेलं आहे. तुमचा ऑटो सातशे घेतो, पण त्यात किती पोरं बसतात ते बघितलंत का? पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना दोन, मागं मांडीवर मांडी. मधे नाला असेल तर श्रावण-भादव्यात ऑटो किती दिवस येत नाही ते जेठाणीला विचारा. आणि दिवाळीपासून पुढं कापसाची वेचणी. तुम्ही सकाळी शेतात जाणार ते दिवस मावळता परत. ऑटोवाला लवकर सोडून गेला, किंवा आलाच नाही, तर पोरगी कोणाच्या भरवशावर? मार्चपासून सकाळची शाळा, सुटायच्या वेळी डोक्यावर ऊन. गावातल्या शाळेत घंटा झाली की सासूबाई ओट्यावरून बघू शकतात. त्यांचं म्हणणं मला अडाणीपणाचं वाटत नाही.

पाडव्याच्या दप्तराविषयीही बोलायला हवं. 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणत शिक्षक दारोदार फिरतात. पदरचे पैसे घालून दप्तर देतात. त्यात फसवाफसवी नाही. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, संचमान्यता म्हणतात ती हीच, एक-दोन पोरांनी एक पद जातं. तुमच्या गावची शाळा तर २३ वर आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय निघाला होता, तेव्हा केवढी घालमेल झाली होती. चार घरांनी पोरं मोठ्या गावात नेली तर तुमची शाळा विसाच्या खाली जाईल आणि दुसऱ्या शिक्षकाच्या पदावर टांगती तलवार येईल. मग जे कारण सांगून शेजारी पोरं नेतात, 'तिथं शिक्षकच नाहीत', ते खरं होऊन बसेल. तरीही एक सांगतो: शाळा वाचवण्याचं ओझं सहा वर्षांच्या पोरीवर टाकू नका. तिथं वाचायला शिकवत नसतील तर पटाची काळजी करू नका, सरळ न्या.

दप्तर मात्र परत करू नका, उगाच त्या गुरुजींना वाईट वाटेल. मुलगी पाचवीला तुमच्याकडेच येणार आहे, असं सांगा. ते खरंही आहे, कारण गावची शाळा चौथीपर्यंतच. म्हणजे प्रश्न फक्त चार वर्षांचा आहे. पाचवीत ती दहा वर्षांची होईल, अंगानं बळकट, घरापासून दूर बसायला तयार, आणि वाचता येत असलं तर सेमी तिला जड जाणार नाही. नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, परीक्षाही पाचवीतच असते. तिथं ८० जागा असतात, किमान ७५ टक्के ग्रामीण पोरांसाठी, पेपर मराठीतून देता येतो. ग्रामीण म्हणून धरायला तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. दारव्ह्याला नगर परिषद आहे. तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये पोरं घालणाऱ्या शेजाऱ्यांच्या हे ध्यानात आहे का, एकदा विचारा.

आणि मधेच बिनसलं, मॅडमची बदली झाली, तर वर्षाच्या मधेही शाळा बदलता येते. टीसी मागितली की मुख्याध्यापकांनी लगेच द्यायची असते, आणि टीसी यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही. यजमानांना हे सांगा. आज गावात घातली म्हणजे चार वर्षं बांधून घेतलं असं होत नाही. दिवाळीत पुन्हा बघा, तिला पन्नासपर्यंत अंक आणि साधे शब्द येतात का. पुढच्या एप्रिलात पुन्हा. त्यांनाही बरोबर न्या. बोट कुठं आणि तोंड कुठं हे त्यांनी स्वतः पाहिलं की टीव्हीचा विषय आपोआप मागे पडेल.

वयाचा प्रश्न नाही. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं लेकरू पहिलीत बसतं, तुमची ऑक्टोबरातच होते. जन्माचा दाखला हाती नसला तरी त्यावरून प्रवेश नाकारता येत नाही, पण असेल तर न्याच, कारण शाळेतली नोंद पुढं जन्मभर वापरावी लागते. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जन्माच्या दाखल्याप्रमाणेच लिहून घ्या. जातीच्या रकान्यात तुमच्या यजमानांच्या टीसीवर जे लिहिलं आहे तेच यायला हवं. बंजारा समाज आपल्याकडे विमुक्त जाती (अ) मध्ये आहे, आणि जातीच्या दाखल्याच्या वेळी एका अक्षरासाठी लोक तहसीलच्या चकरा मारताना मी बघितले आहेत. नोंद होताना समोर उभ्या राहा, आणि लिहून झालं की रजिस्टर स्वतःकडे फिरवून वाचून घ्या.